तिथीप्रमाणे लांडगा

चंद्राकडे पाहून कविता करणारे, उपास सोडणारे आणि नुसतेच उसासे टाकणारे लोक मी पुष्कळ पाहिले. पण चंद्राकडे पाहून छातीचं माप घेणारा माणूस या भूतलावर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात बसस्टँडजवळ शिंप्याचं दुकान चालवतात. ते मला साडभाऊ म्हणतात, मीही त्यांना साडभाऊच म्हणतो, त्यामुळे आम्ही दोघं बोलायला लागलो की कोण कोणाला हाक मारतंय हे तिसऱ्याला कळत नाही. दिवसा ते शर्ट-पँट, शाळेचे गणवेश आणि लग्नसराईत बँडवाल्यांचे लाल कोट शिवतात. गिऱ्हाईक नसलं की मशीनच्या फळीवर जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं पसरतात आणि एका माणसाचा लांडगा करायला बसतात. हे काम कित्येक वर्षं चाललेलं आहे. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सुरुवातीला जुनी पानं मागितली की द्यायच्या, पण एकदा साडभाऊंनी चालू महिन्याचंच पान फाडून नेलं आणि गॅस कधी लागला, दूध कधी बंद केलं याच्या नोंदी लांडग्याच्या पोटात गेल्या. तेव्हापासून घरातलं कॅलेंडर उंच खिळ्यावर असतं.

या वेडाचं मूळ एका तापात आहे. साडभाऊ पंधरवडाभर अंथरुणाला खिळले होते आणि पडल्या पडल्या त्यांनी मोबाइलवर हिंदीत बोलणारे परदेशी सिनेमे पाहिले. त्यात पौर्णिमेची रात्र झाली की एखादा सज्जन माणूस अंगाला झटके देतो, त्याचा लांडगा होतो आणि सकाळी तो कुठल्या तरी झाडाखाली उघडा सापडतो. दुसरा कोणी असता तर घाबरला असता किंवा झोपला असता. साडभाऊ संतापले. मी त्यांना भेटायला गेलो तर अंगावर घोंगडी, तोंडात थर्मामीटर आणि तो काढून पहिलं वाक्य हे: "त्या लोकाइले चंद्रातलं काईच समजत नाई, साडभाऊ. फकस्त पौर्णिमेले लांडगा. मंग बाकीचे दिवस थो चंद्र काय सुट्टीवर राह्यते? चतुर्थीचा चंद्र काय चंद्र नाई?" मी म्हटलं, असेल बुवा, तुम्ही आधी पेज घ्या. पेज त्यांनी घेतली, पण ताप उतरायच्या आत वामन जन्माला आला होता.

वामन हा त्यांच्या कादंबरीचा नायक. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. स्वभावानं गरीब, बायकोच्या शब्दाबाहेर नाही, आणि एका शापामुळे चंद्राच्या कलेकलेनं लांडगा होत जाणारा. एकदम नाही, ही साडभाऊंची खास भर. शुद्ध द्वितीयेला आकाशात नुसती कोर दिसते तेव्हा वामनच्या नखांच्या मुळाशी खाज सुटते. पंचमीला कान वर सरकू लागतात. अष्टमीला आवाज फाटतो आणि क्लॅरिनेट वरच्या सुरात गेली की खाली यायचं नाव घेत नाही. दशमीपासून बँडवाले त्याला वरातीत सगळ्यात मागे, जनरेटरच्या गाडीजवळ उभं करतात. एकादशीला त्याची भूक भयंकर वाढते, आणि नेमका त्या दिवशी घरी उपास असतो, त्यामुळे जंगलातलं सावज फाडायला निघालेला हा प्राणी चुलीपुढे बसून साबुदाण्याची उसळ खातो. पौर्णिमेला पुरता लांडगा. मग वद्य पक्षात हळूहळू उतार पडतो आणि अमावास्येला वामन इतका माणसात येतो की बायकोशी भांडतो.

एवढ्यावर थांबले असते तर ते साडभाऊ कसले. तिथी म्हटली की तिथीचे सगळे नखरे आले, आणि त्यांनी एकालाही सूट दिली नाही. एका महिन्यात पंचमीचा क्षय होता, तर वामनला त्या महिन्यात कानच फुटले नाहीत आणि पौर्णिमेला सगळ्या शिवारात बुचा लांडगा हिंडला. ग्रहण लागलं तेव्हा तो अर्धा माणूस अर्धा लांडगा असा बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, काठावर अडकून पडला, आणि ग्रहणात खायचं नसतं म्हणून तोंडात धरलेली कोंबडी त्यानं सोडून दिली. पावसाळ्यात आभाळ गच्च भरलेलं असतं, चंद्र दिसतच नाही, तेव्हा काय, असं मी त्यांना खिंडीत गाठल्याच्या आनंदात विचारलं. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "संकष्टीले चंद्र नाई दिसला तं तुमी रातभर उपाशी राह्यता का? टाइम पाह्यता अन् जेवता न? मंग लांडगा बी टाइम पाहून होते." शिवाय कॅलेंडरात मुंबईची वेळ असली तर ती त्यांना चालत नाही. आपल्याकडे चंद्र आधी उगवतो, तेव्हा मूलचा लांडगा मुंबईच्या लांडग्याच्या आधी झाला पाहिजे, यावर ते ठाम आहेत.

या ठामपणानं एकदा घोटाळा केला. कॅलेंडरात पौर्णिमा भर दुपारी लागत होती. साडभाऊंनी वामनला त्याच क्षणी, एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत, वाढप्याच्या हातात बुंदीची बादली असताना लांडगा करून टाकलं. ते प्रकरण त्यांनी दुकानात वाचून दाखवलं, तेव्हा पँट लहान करून घ्यायला आलेला एक राइस मिलवाला म्हणाला, "पन भाऊ, चंद्र तं संध्याकाळी निगन. दुपारी याले लांडगा कोनं केला?" साडभाऊ म्हणाले, तिथीनं. राइस मिलवाला म्हणाला, तिथी काय आभाळात दिसते का? मग दोघांचं असं जुंपलं की पँट जरुरीपेक्षा लहान झाली आणि मिलवाल्याच्या धाकट्या भावाला गेली. पुढे आमच्या सासुरवाडीला, पोंभुर्ण्याला, अधिक महिन्याचं वाण घ्यायला आम्ही दोघं जावई एकदमच गेलो, तर तिथंही पाटावर बसल्या बसल्या यांचं सुरू. "मामी, अधिकात एक पौर्णिमा वाढल्यासारखीच होते. समजा वाणाच्या दिवशी जवाई लांडगा झाला असन, तं वाण देसान का नाई?" सासूबाईंनी अनारशांचं ताट खाली न ठेवता विचार केला आणि म्हणाल्या, "द्यावाच लागन बाप्पा. जवाई थो जवाईच." साडभाऊंनी हे उत्तर जसंच्या तसं कादंबरीत घातलं आणि माझ्या वाटणीचे दोन अनारसे आनंदाच्या भरात खाल्ले.

शिंपी असल्यामुळे त्यांच्या लांडग्याला आणखी एक वळण मिळालं. इतर कोणी लिहिलं असतं तर दात, डोळे, रक्त यांची वर्णनं आली असती. साडभाऊंच्या कादंबरीत रूपांतर म्हणजे कपड्याचं मरण. आधी काखेतली शिवण कुरकुरते, मग पाठीचा जोड जातो, मग कॉलरच्या खालचं बटण उडून देवळाच्या घंटेवर लागतं, आणि शेवटी तो लाल कोट, ज्याच्या खांद्यावर पिवळी झालर त्यांनी स्वतः मनात बसवलेली असते, तो कोट चिंध्या होऊन शेताच्या धुऱ्यावर पडतो. ही प्रकरणं वाचताना ते स्वतःच्या कॉलरचं बटण चाचपतात. "इतका चांगला कोट," असं ते मध्येच म्हणतात, आणि ते कादंबरीतलं वाक्य आहे की त्यांचं स्वतःचं, हे समजत नाही.

हे सगळं ऐकणारं पहिलं माणूस म्हणजे दुकानात काज-बटण आणि हातशिलाई करणाऱ्या बाई. पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका गावाहून रोज सकाळच्या एसटीनं येतात आणि अंधार पडायच्या आत परत जातात. त्यांचा नवरा उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला तो आलाच नाही, वाघानं नेला. त्यानंतर त्या साडभाऊंच्या दुकानात आल्या, आणि मशीनच्या शेजारच्या खिडकीपाशी बसून, मान खाली घालून, वामनचं एकेक प्रकरण ऐकत गेल्या. हसायच्या ठिकाणी हसायच्या. साबुदाण्याच्या उसळीला तर त्यांना हातातली सुई ठेवावी लागली होती.

साडभाऊंची इच्छा फार मोठी नव्हती. मूलच्या बाहेर, त्यांना न ओळखणाऱ्या माणसांनी ही गोष्ट ऐकावी आणि गोष्ट सुरू होण्याआधी लेखक म्हणून त्यांचं नाव घेतलं जावं, एवढंच. हे ते उघडपणे सांगायचे आणि सांगताना लाजायचे. गिऱ्हाइकांपैकी कोणाच्या तरी भाच्यानं काही प्रकरणं टाइप करून मोबाइलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीला पाठवली, आणि खरोखरच एक दिवस तिथून एका मुलीचा फोन आला. गोष्ट त्यांना आवडली होती. साडभाऊंनी तो फोन उभं राहून ऐकला. मी चंद्रपूरला असतो, मला फोन करून मूलला बोलावून घेतलं, दुकानात पेढे वाटले, गल्लीतल्या बकरीला सुद्धा एक दिला. कंपनीच्या अटी दोनच होत्या. पहिली, तिथ्यांचा घोळ काढायचा. पौर्णिमा म्हणजे पौर्णिमा, बाकी काही नको. दुसरी, लांडग्याच्या जागी वाघ करायचा. चंद्रपूर म्हटलं की लोकांना वाघ हवा, असं त्या मुलीचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मी मनात म्हटलं, संपलं. हा मनुष्य तिथीसाठी राइस मिलवाल्याशी भांडला, हा आता कंपनीशी भांडणार. पण साडभाऊंनी तिथ्या तिथल्या तिथं सोडून दिल्या. "काढून टाकू," म्हणाले, "शहरातल्या लोकाइले पंचमी-षष्ठी समजत नाई, त्याईचा काय दोष." इतकी वर्षं जपलेल्या कला त्यांनी दोरा तोडावा तशा तोडल्या आणि मला गहिवरून आलं. वाघाबद्दल मात्र टाळाटाळ सुरू झाली. सांगतो, पाहतो, नेटवर्क नव्हतं, अशी उत्तरं कंपनीला जाऊ लागली. तिकडून पुन्हा फोन, इकडून पुन्हा पाहतो. ताईंनी मला निरोप पाठवला की येऊन यांना समजावा, हातातली गोष्ट घालवून राहिले.

मी गेलो आणि सरळ रागावलो. नुसता शब्द तर बदलायचाय, म्हटलं, लांडगा खोडा आणि वाघ लिहा, पट्टेच ना घालायचे! आपल्या जंगलात लांडगा कोणी पाहिला आहे का, असंही वर सुनावलं. साडभाऊ कापड बेतत होते. बाई काज करायचा दोरा आणायला बाजारात गेल्या होत्या. त्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहून ते हळूच म्हणाले, "कोनी पाह्यला नाई म्हूनच तं लांडगा घेतला, साडभाऊ. त्याच्यानं कोनाचं काई गेलं नाई. बाई दिवसभर माझ्या बाजूले बसते. मी वाघ लेहू तं कुठी बसून लेहू?"

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्यांच्या लांडग्याला हसत होतो आणि तो लांडगा एका माणसाच्या शेजारी बसता यावं म्हणून निवडलेला होता. मला या माणसाचा त्या वेळी फार अभिमान वाटला, आणि ते सांगायचं सोडून मी म्हटलं, चहा मागवा. त्याच दिवशी त्यांनी कंपनीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दोनदा विचारलं त्या मुलीनं. दोन्ही वेळा त्यांनी तिला पोरी म्हणून, समजावून, नाही म्हटलं. मग गळ्यातली टेप काढून ते अर्धवट बेतलेलं कापड कापायला लागले.

बाईंना अर्थातच सगळं कळलं. ताईंकडून, मला वाटतं. त्यानंतर मी गेलो त्या दिवशी साडभाऊ शेवटच्या प्रकरणावर आले होते. ते प्रकरण काय असणार ते दुकानात सर्वांना ठाऊक होतं. कोजागिरीला वामन पुरता लांडगा होणार, गावकरी त्याला तलावाच्या पाळीवर घेरणार आणि बंदुकीनं मारणार. असल्या गोष्टींचा शेवट तसाच असतो, तो नियमच आहे, असं साडभाऊ म्हणत असत आणि त्यांनाही ते आवडत नव्हतं. बाई शर्टाला काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, तुमी माझ्यासाठी नाई म्हटलं, थे मले समजलं. तुमी वाघ लेहाल तरी चालते मले. पन त्याले मारू नोका. घरी येऊ द्या."

साडभाऊ गडबडले. कसा येईल घरी, म्हणाले, लोक ओळखतील कसे की हा वामन आहे? अंगावर काही उरतच नाही, कोट तर दर वेळी फाटतो. बाईंनी दोरा दातांनी तोडला. "अन् फाटते कायले? कोटात माया नाई ठेवली का वो तुमी?"

शिवणीत आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, अंग वाढलं की उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. वाढत्या अंगाच्या पोरांच्या गणवेशात साडभाऊ दोन दोन बोटं माया ठेवतात, त्यासाठी सगळ्या तालुक्यात त्यांचं नाव आहे. आणि या माणसानं तिथीगणिक वाढणाऱ्या वामनचा कोट इतकी वर्षं अंगाबरोबर शिवला होता! मी मोठ्यानं हसलो. साडभाऊ हसले नाहीत. कपाळावर हात मारून ते खाली बसले आणि म्हणाले, "अगा माय माय माय." मग त्यांनी लिहिलेलं पान उलटं केलं. उलट्या बाजूला कॅलेंडर होतं, त्यामुळे ते पुन्हा सुलटं करून सगळं खोडावं लागलं.

शेवटचं प्रकरण कोजागिरीच्या संध्याकाळी वाचायचं ठरलं. दिवस मावळताना ताईंनी अंगणात दूध आटवायला ठेवलं, मिलवाला आला, शेजारपाजारचे आले, बाईंना ताईंनी त्या रात्री आपल्याकडेच ठेवून घेतलं. तलावाच्या अंगानं चंद्र वर आला तेव्हा साडभाऊ वाचायला लागले. वामनची बायको दिवसभर बसून लाल कोटाची एकेक शिवण उसवते आणि सगळी माया सोडते. संध्याकाळी अंग वाढतं, कोट ताणतो, काखेतली शिवण कुरकुरते, पण या वेळी फाटत नाही. लोक पाळीवर बंदुका घेऊन उभे असतात आणि समोरून बँडचा लाल कोट घातलेला, खांद्यावर पिवळी झालर असलेला लांडगा चालत येतो. कोणीतरी म्हणतं, अरे, हा तर आपल्या लग्नात वाजवून गेला. बंदुका खाली होतात. तो मधून चालत चालत घरी जातो आणि दारात उभा राहतो, बायको दार उघडते, इथं कादंबरी संपते.

मिलवाल्यानं कधी नव्हे ती तिथीबद्दल शंका काढली नाही. ताई दुधाचे पेले भरू लागल्या. बाई पदर सावरून जरा पुढे सरकल्या आणि त्यांनी विचारलं, "घरी आल्यावर जेवला का थो?"

हे साडभाऊंनी लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हातातल्या पानांकडे पाहिलं, पानं बाजूला ठेवली आणि म्हणाले, "जेवला."

"काय जेवला?"

"गरम भात. वरन. वांग्याची भाजी केली होती तिनं."

"अन् बाजूले कोन बसलं होतं?"

"थेच. बायको. त्याचं होयेपर्यंत उठली नाई."

बाईंनी मान हलवली आणि दुधाचा पेला हातात घेतला. कंपनीचा फोन पुन्हा आला नाही. साडभाऊंचं नाव मूलच्या बाहेर अजून कोणी घेतलेलं नाही, आणि कधी कधी संध्याकाळी ते मोबाइल उगाच उलटसुलट करून पाहतात, तेव्हा मला वाईट वाटतं. कादंबरीची पानं मीच टाइप करून घेतो आहे. त्यात ते जेवण नाही. तेवढं एक पान लिहून द्या, असं मी त्यांना पुष्कळदा म्हटलं. ते दर वेळी मशीनवरून मान वर करतात आणि म्हणतात, "थे ज्याले सांगाचं होतं त्याले सांगून झालं, साडभाऊ."